कवटी छाप

आमच्या घरात बोलणं तेलुगूत चाले आणि लिहिणं मराठीत. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आई अंगणात बसून बिड्या वळायची. मी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या आणि भवानी पेठेतल्या एका छापखान्यात लेबलं काढायच्या कामाला लागले होते. सत्तर सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मुलीनं छापखान्यात बसून काम करावं हे गल्लीला नवीन होतं. पण मालक वडिलांच्या वयाचे होते, आणि त्यांनी मला खिडकीशी वेगळं टेबल दिलं होतं, त्यामुळे घरून कुणी फार बोललं नाही.

काम मला आवडायचं. चादरींच्या गठ्ठ्यावर चिकटवायचा मोर, अगरबत्तीच्या पुड्यावरचं कमळ, बिडी बंडलावरचे समोरासमोर उभे दोन हत्ती. मालक सांगायचे, गिऱ्हाइकाला वाचता येवो न येवो, त्यानं दुकानात जाऊन चित्राच्या नावानं वस्तू मागितली पाहिजे. मोर छाप द्या, हत्ती छाप द्या. लेबलाचं काम तेवढंच. मलाही तेव्हा तेवढंच वाटायचं.

एका दिवशी अक्कलकोट रस्त्याला शेड असलेले एक कारखानदार आले. किडे मारायची पावडर मोठ्या पोत्यांतून आणून ते किलो-किलोच्या गोल डब्यांत भरून विकायचे. तीन प्रकारच्या पावडरी होत्या. एक साठवणीच्या धान्यासाठी, दोन पिकावर धुरळायच्या. डबा तिन्हींना एकच, झाकणही एकच. वरचा कागद तेवढा बदलायचा. आता सरकारचा नवा नियम आला होता की अशा डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन हवा, त्याचा खालचा अर्धा भाग विषाच्या जोराप्रमाणे ठरलेल्या रंगाचा हवा. ज्याचा जोर जास्त त्याच्यावर कवटी आणि हाडं, विष हा शब्द लाल अक्षरात. पोटात गेलं तर उपाय काय, रिकाम्या डब्याचं काय करायचं, तेही लिहायचं. कारखानदार सौम्य बोलणारे गृहस्थ होते. नियमाचा कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाले, ताई, यातलं सगळं बसवा, पण लेबल बघून माणूस पळून जाता कामा नये.

मी कागद वाचला. रिकाम्या डब्याबद्दलचं वाक्य असं होतं: 'वापरानंतर वेष्टनाची योग्य ती विल्हेवाट लावण्यात यावी.' मी ते आईला वाचून दाखवलं. तिला मराठी समजायचं, पण हे समजलं नाही. मग मी लिहिलं, 'डबा रिकामा झाला की खिळ्यानं भोकं पाडा आणि विहिरीपासून लांब पुरा. ओढ्यात धुऊ नका.' एवढं तिला लगेच कळलं. पण हेच वाक्य कानडीतही हवं होतं, कारण निम्मा माल अक्कलकोटकडच्या खेड्यांत जायचा. हिंदीत आणि इंग्रजीत तर नियमानंच हवं होतं. चार भाषा त्या डब्याच्या घेरावर बसवल्या की अक्षरं मुंगीएवढी झाली. भिंगाशिवाय मला स्वतःलाच वाचता येईनात.

आणि एक शब्द मला अडवत होता. आमच्याकडे शेतकरी असल्या पावडरीला औषध म्हणतात. फवारणीचं औषध, ज्वारीत टाकायचं औषध. कारखानदारांच्या मालाचं नावही 'पीक-औषध' असंच होतं. मी विचारलं, वर औषध आणि खाली विष, असं एकाच डब्यावर कसं चालेल? ते म्हणाले, बाजारात हाच शब्द चालतो, मी काय करू? नाव मोठं राहिलं. विष लाल रंगात, पण खाली, आणि बोटाच्या पेराएवढं.

मालकांना विचारून मी कच्चं लेबल एका डब्याला गुंडाळलं आणि मंगळवारच्या बाजारात घेऊन गेले. मला बघायचं होतं की लोकांना त्यात काय दिसतं. ज्वारीच्या ढिगांशी बसलेल्या एका शेतकऱ्याला डबा दाखवला. त्यानं तो हातात फिरवला, कवटीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "कवटी छाप व्हय? आमी गेल्या साली हीच नेली हुती. लई चांगली हाय." माझं लेबल अजून छापलंही नव्हतं; त्यानं दुसऱ्या कुणाच्या डब्यावरची कवटी पाहिली असणार.

त्याच्या शेजारच्या बाईला मी सोबत नेलेल्या दुसऱ्या पावडरीच्या लेबलावरचा चौकोनाचा पिवळा भाग दाखवून विचारलं, हा कशाचा असेल. तिनं सांगितलं की हळदीचा असंल, किड्याला हळद सोसत नाही म्हणून घातली असंल. दुसऱ्या एकाला तो चौकोन म्हणजे पत्त्यातली चौकट वाटली. ते कुणी अडाणी नव्हते. त्यांनी आयुष्यभर लेबलं जशी वाचली तशीच हीही वाचली. आमच्याच छापखान्यानं त्यांना शिकवलं होतं की डब्यावरचं चित्र म्हणजे मालाचं नाव. आणि आता एक चित्र असं आलं होतं की ज्याचा अर्थ 'जपून' असा होता, पण ते त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

परत येऊन मी सगळं बाजूला ठेवलं आणि एक गाय काढली. पाण्याच्या कुंडापाशी आडवी पडलेली, पाय ताठ, जीभ बाहेर, आणि कुंडात तो डबा बुडालेला. पुढच्या मंगळवारी हे चित्र नेलं तर बाजारात कुणालाही काही विचारावं लागलं नाही. बायका बघायच्या आणि डबा लगेच खाली ठेवायच्या. एकीनं तर पदराला हात पुसले. मला इतका आनंद झाला की मी घरी न जाता तशीच चालत छापखान्यात आले.

कारखानदारांनी चित्र पाहिलं आणि कागद टेबलावर पालथा ठेवला. मग हळूच म्हणाले, "ताई, मेलेली गाय मी दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी ठेवायला सांगू? तो डबा उचलून रस्त्यावर टाकेल." मालकांनीही मान हलवली. गायीऐवजी उंदीर काढा असं ठरलं. मी उंदीर काढला आणि बाजारात नेला. लोक म्हणाले, उंदराचं औषध दिसतंय. त्यांनी घरच्या उंदरांना ते कसं घालायचं हेही मला विचारलं. तेव्हा उंदीरही गेला. शेवटी नियमात होतं तेवढंच राहिलं. मधल्या जागेत कारखानदारांना हवं होतं तसं भरलेलं हिरवंगार कणीस मीच रंगवलं. ते कणीस चांगलं उतरलं होतं. छपाईसाठी चार रंगांचे ब्लॉक झाले, लेबलं छापली, गठ्ठे बांधून अक्कलकोट रस्त्याला गेले.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक कुटुंब राहायचं. नवरा गिरणीत पाळीवर जायचा. बायको बार्शीकडच्या खेड्यातली, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तिला वैनी म्हणायचे. दिवसभर ती आमच्या अंगणात आईसमोर सूप घेऊन बिड्या वळत बसायची. तिला तेलुगू येत नव्हतं आणि आईचं मराठी मोडकं होतं, तरी दोघींचं बोलणं कधी संपायचं नाही. वैनीची बोटं इतकी चपळ होती की पान कधी कापलं आणि तंबाखू कधी भरली ते दिसायचं नाही, एकदम वळलेली बिडीच सुपात पडायची. गल्लीतल्या बायका तिच्याशी पैज लावायच्या आणि हरायच्या.

दुष्काळ नुकताच सरला होता. त्या दोन-तीन वर्षांनी सगळ्यांना एक सवय लावली होती, कुठलंही भांडं टाकायचं नाही. फुटकी घागर, तेलाचा डबा, दुधाच्या पावडरीचा डबा, जे पाणी किंवा धान्य धरून ठेवील ते घरात ठेवायचं. बाजारात जुन्या डब्यांची रांगच्या रांग लागायची. वैनीनं तिथून घट्ट झाकणाचा एक डबा आणला आणि दारात बसून राखेनं घासला. मी छापखान्यातून येताना तो तिच्या ओट्यावर वाळत घातलेला पाहिला असेन. लेबल नसलेला डबा, कुणाच्याही घरी असतो तसा.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी घरी केस धूत होते. आईनं अंगणातून जोरात हाक मारली. वैनी भिंतीला टेकून बसली होती. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं भिजलं होतं आणि श्वास घेताना छातीत घरघर होत होती. सूप उलटं पडलं होतं. ती सारखी म्हणत होती की डोळ्यांपुढं धुकं आलंय. नवरा पाळीवर होता. आम्ही टांगा करून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत ती दोनदा ओकली. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन तेलुगूत देवाचं नाव घेत होती.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी वैनीच्या पापण्या उघडून बघितल्या आणि विचारलं की काय खाल्लं. आईनं सांगितलं, भाकरी आणि चटणी, रोजचंच. भाकरीचं पीठ कुठल्या डब्यातलं, हा प्रश्न त्यांनी दुसऱ्यांदा विचारला तेव्हा मला वैनीच्या ओट्यावर वाळत घातलेला डबा आठवला. त्यांनी मला तो डबा आणायला पाठवलं.

डबा वैनीच्या फळीवर होता. निम्मा पिठानं भरलेला. झाकणाच्या पत्र्यावर तीन गोल कडी एकात एक उठलेली होती. ही कडी मी ओळखत होते, कारण लेबलाचं माप घ्यायला तोच डबा कितीतरी दिवस माझ्या टेबलावर होता. बाजूला खळीचा करडा पट्टा तेवढा उरला होता. माझा कागद जिथं चिकटवला जायचा तिथंच. पीठ ताटात ओतलं तर तळाच्या सांध्यात पांढरी पूड घट्ट बसलेली दिसली. वैनीला ती जुन्या पिठाची वाटली असणार.

मी डबा घेऊन दवाखान्यात पळाले. डॉक्टरांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"यात काय होतं?"

मी सांगितलं की किड्यांची पावडर.

"कुठली?"

तीनपैकी एक, एवढंच मी सांगू शकले. एकाच डब्यात तीन पावडरी जातात, फरक फक्त कागदात, आणि कागद नाही. ते म्हणाले, दोन प्रकार असतात, एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. मला तिन्ही लेबलांवरच्या उपायाच्या ओळी पाठ होत्या. मीच त्या लिहिल्या होत्या, मुंगीएवढ्या अक्षरांत, एकेक वेलांटी ब्रशच्या टोकानं. त्या ओळी मी त्यांना म्हणून दाखवल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, यातली कुठली खरी ते मला आता तिच्या डोळ्यांकडं बघूनच ठरवावं लागणार आहे."

त्यांनी ठरवलं, इंजेक्शनं सुरू केली. मी आणि आई बाहेरच्या बाकावर बसलो. करण्यासारखं काही नव्हतं. नवरा गिरणीतून आला, त्याच्या केसांत कापसाचे तंतू तसेच होते. त्याला काय झालं ते सांगताना मी डबा हातात धरला होता. तो डब्याकडं बघत म्हणाला, झाकण घट्ट होतं म्हणून घेतला होता, पिठात अळी होती ना. पीठ त्यात ती आजच भरणार होती, मी नेली ती रात्रीची भाकरी होती.

वैनी वाचली. डॉक्टरांचा अंदाज बरोबर निघाला. पण घरी आल्यावर तिच्या हाताला कंप राहिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जाईल, आणि थोडा गेलाही, पण सगळा नाही. ती पुन्हा अंगणात येऊन बसू लागली. पान कात्रीखाली सरकायचं, तंबाखू मांडीवर सांडायची, आणि आई आपल्या सुपातल्या बिड्या तिच्या सुपात ढकलायची. वैनीला ते कळायचं. ती आईला थांबवायची नाही, पण मान वरही करायची नाही.

एकदा मी तिला कणसाचं ते लेबल दाखवलं. तिनं ते पुष्कळ वेळ पाहिलं. मी विचारलं, हे डब्यावर असतं तर तुला कळलं असतं का?

"कवटी बगून कळलं असतं का न्हाय, ते न्हाय सांगता येत," ती म्हणाली. "पर बगितलं तर असतं की. माज्या डब्यावर कायबी नव्हतं."

मग तिनंच मला विचारलं की तो डबा ज्यानं आधी वापरला त्याच्यासाठी हे छापलेलं का. मी हो म्हटलं. "आन् आमच्यासाठी?" असं विचारून तिनं लेबल मला परत दिलं.

मी कारखानदारांकडं गेले. शेडमध्ये पांढरी धूळ उडत होती, बायका तोंडाला पदर बांधून डबे भरत होत्या. मी त्यांना वैनीचं सांगितलं. ते खाली बसले. त्यांना खरंच वाईट वाटलं, त्यात खोटं काही नव्हतं. मी म्हटलं, कागदावर भरवसा ठेवून चालणार नाही, खूण पत्र्यातच उठवली पाहिजे, झाकणावर किंवा तळाशी. ते म्हणाले की डबे मुंबईहून तयार येतात. तिथला माणूस एवढ्याशा मालासाठी वेगळा साचा करणार नाही, त्यांनी आधी कधीतरी विचारून पाहिलं होतं. डबा गोदामात पोचल्यावर मग ते काय करू शकणार? कागद चिकटवू शकणार. तेव्हा कागदावर जे हवं ते काढा, मी कणीस काढून टाकतो, असं ते म्हणाले.

कणीस गेलं. त्या जागी मी उलटा केलेला डबा काढला, त्याच्या तळात खिळा, वर हातोडीचा हात, आणि पत्र्याला पडलेली भोकं. एकही शब्द नाही. बाजारात ते चित्र प्रत्येकाला कळलं. मालकांनी स्वतः शाई तपासली. मला वाटलं, निदान एक गोष्ट आता नीट झाली.

पावसाळा सरल्यावर मी डबे विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं गेले. त्याच्या पुढ्यात पाण्याचं पिंप होतं आणि त्यात डबे भिजत होते. तीन कड्यांची झाकणं दोरीत ओवून टांगली होती. मी विचारलं, भोकं पाडलेले डबे येतात का हो? तो म्हणाला की भोकाचा डबा कोण घेणार, म्हणून लोक भोकं पाडतच नाहीत. चित्र त्यांनी बघितलेलं असतं, पण चांगला डबा कुणाला फोडवतो? दुष्काळात एका डब्यासाठी माणसं कशी हिंडत होती ते त्यानं मला सांगितलं. बोलता बोलता त्यानं पिंपातून एक डबा काढला आणि अंगठ्यानं कागद सोलला. माझा खिळा आणि हातोडी एकसंध निघाली आणि पाण्यावर तरंगू लागली.

मी त्याला वैनीची हकिकत सांगितली. त्यानं हात थांबवला. तो वाईट माणूस नव्हता. उठून त्यानं मागचे वाळवलेले डबे एकेक करून उचलले, वास घेतला, उन्हात धरले. कुठल्यात पावडर होती आणि कुठल्यात दुसरं काही, ते त्यालाही ओळखता येईना. तसलं झाकण आणखी कितीतरी मालाला होतं. शेवटी त्यानं मला विचारलं, "पोरी, तूच सांग, यातलं कुठलं बाजूला ठिवू?"

मी एक डबा उचलून तळाचा सांधा पाहिला, तो घासून स्वच्छ केलेला होता. तोवर एक बाई आली, एक डबा वाजवून पाहिला, आणि म्हाताऱ्यानं तिला सांगितलं की आधी उकळत्या पाण्यानं धू. ती हो म्हणाली आणि डबा घेऊन गेली. उकळत्या पाण्यासाठी तिच्या घरी सरपण असेल का, हे मी विचारलं नाही.

पुढं मोठ्या कंपन्यांचा माल पाकिटांतून यायला लागला आणि कारखानदारांचं डब्यांचं काम बसलं. त्यांनी त्याच शेडमध्ये कपडे धुण्याची पावडर करायला घेतली आणि लेबलासाठी पुन्हा माझ्याच टेबलाशी आले. या वेळी त्यांना निळा ओढा हवा होता, त्यात पोहणारे मासे, आणि खाली ओळ, 'ओढ्या-विहिरीचे पाणी निर्मळ राखणारी'. मी विचारलं, हे खरं आहे का? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ते त्यांना माहीत नाही. पण माहीत कुणालाच नाही, आणि असं लिहू नका असा नियमही नाही. मी म्हटलं, फेस ओढ्यात गेल्यावर माशांचं काय होतं ते आधी बघू या. ते हसले, पण कुत्सितपणे नाही. म्हणाले, ताई, तुम्ही फार दूरचं बघता.

ती ओळ मी लिहिणार नाही, असं मी मालकांना सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी काम साखर पेठेतल्या दुसऱ्या चित्रकाराला दिलं. तो माझ्यापेक्षा तयार हाताचा होता. काही दिवसांतच लेबलं छापून झाली आणि माझ्या खिडकीसमोरच्या तारेवर वाळत घातली गेली. मी टॉवेलच्या लेबलाचं रेखाटन करत होते. तो चित्रकार ती बघायला आला, माझ्याजवळ उभा राहिला आणि पाण्याचा निळा जमलाय का असं त्यानं मला विचारलं. मी मान वर करून पाहिलं. मासे सुंदर काढले होते, प्रत्येकाचे खवले वेगळे, आणि खाली ती ओळ. मी म्हटलं, काठाशी जरा गडद असता तर पाणी खोल वाटलं असतं.